थांबण्याची वाटणी

एकदा एक वृद्ध पंच होते. ज्या गावात कुस्तीइतकंच फुटबॉलचंही वेड, त्या गावात त्यांचं उभं आयुष्य तंटे मिटवण्यात गेलं होतं. खेळाडू आणि संघमालक यांचं करारावरून बिनसलं, की दोघांनी त्यांच्यापुढे यायचं आणि त्यांचा शब्द अखेरचा मानायचा, अशी तिथली रीत. आता ते थकले होते. शरीराने थकले होतेच, पण त्याहून जास्त माणसांना कंटाळले होते. म्हणून त्यांनी एक तरुण शिष्य हाताशी घेतला आणि बरीचशी प्रकरणं त्याच्यावर सोपवली.

शिष्य हुशार आणि मनाने निर्मळ. दोन्ही बाजूंना सारखं वागवलं की न्याय झाला, अशी त्याची श्रद्धा होती. तरुणपणी असतेच ती!

त्याच्याकडे दौलत नावाच्या खेळाडूचं प्रकरण आलं. दौलतचा एका व्यापारी शेठच्या संघाशी करार होता. नव्या प्रशिक्षकाशी त्याचं पटेना, म्हणून शेठ त्याला धड खेळू देईनात आणि धड जाऊही देईनात. दुसरा संघ त्याला घ्यायला एका पायावर तयार होता. पण वाद मिटेपर्यंत दुसरीकडे खेळायचं नाही, असं करारातच लिहिलेलं. शेठची बाजू अगदीच खोटी होती असंही नाही. दौलतचा गुडघा दुखावला, तेव्हा त्यांनीच त्याला सांभाळलं होतं.

शेठ दर खेपेला हात जोडून यायचे. "साहेब, घरात लग्नकार्य आहे, पुढची तारीख द्या." मग कधी वकील परगावी असायचे, तर कधी त्यांना स्वतःला बरं नसायचं. शिष्य तारीख द्यायचा. आईच्या आजारपणात दौलतने एकदा तारीख मागितली, तीही त्याने दिली होती. अशा तारखांत एक अख्खा हंगाम निघून गेला.

दुसरा हंगाम उजाडला आणि शेठनी पुन्हा तारीख मागितली. तेव्हा दौलतच्याने राहवेना. "साहेब, माझं घर मैदानाच्या भिंतीला लागून आहे. बॉलचा आवाज आला की मी खिडक्या लावून घेतो. आता खिडक्या लावूनही ऐकू येतं हो!"

"धीर धर," शिष्य म्हणाला. "मी कुणाचीच बाजू घेत नाही."

"ते दिसतंय," दौलत म्हणाला आणि खाली बसला.

कोपऱ्यात लवंडलेले वृद्ध पंच उठून बसले. "शेठ, घ्या तारीख. हवी तेवढी लांबची घ्या. फक्त एक करा. निकाल लागेपर्यंत दौलत मैदानाबाहेर आहे ना, तसे तुम्हीही बाहेर. आत पाऊल टाकायचं नाही."

शेठ हसले. "एवढंच ना? मान्य!"

शिष्य मात्र ओशाळला. प्रकरण काय, आणि गुरुजींची अट काय! वय झालं बिचाऱ्यांचं, असं त्याच्या मनात आलं.

हंगामातल्या पहिल्याच स्पर्धेत शेठच्या संघाचा उपांत्य सामना होता. त्या दिवशी अर्धा खेळही झाला नसेल, तोच शेठ घामाघूम होऊन दारात उभे. "गुरुजी, जीव जातो हो! गच्चीवर उभा राहिलो, तर नुसता गलका ऐकू येतो. गोल आपला की त्यांचा, तेसुद्धा कळत नाही. माझाच संघ, आणि मी परक्यासारखा! काय तो निकाल आजच लावून टाका."

त्याच संध्याकाळी निकाल लागला. शेठनी दौलतला मोकळं केलं. या हंगामात शेठच्या संघाविरुद्ध उतरणार नाही, हे दौलतने कबूल केलं.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "मी करार तोंडपाठ केला. तुम्ही तर त्याला हातही लावला नाहीत."

वृद्ध पंचांनी डोळे मिटून घेतले. "बाळ, तू दोघांना सारख्याच तारखा दिल्यास. शेठचे ते दिवस चहा पिण्यात गेले आणि दौलतचे त्याच्या पायांतून गेले. तारीख एकच, पण ती सारखी कशी? ज्याला थांबणं फुकट पडतं, त्याला निकालाची घाई कशाला असेल? वादात आधी थांबण्याची वाटणी करावी. मग माणसं आपणहून बोलायला येतात."

शिष्य स्वतः दौलतच्या घरी निकालाचा कागद घेऊन गेला. दौलतने हात जोडले. "उपकार झाले, साहेब."

"आता मनसोक्त खेळ," शिष्य उत्साहाने म्हणाला. "अजून बरीच वर्षं आहेत ना?"

दौलतने गुडघ्यावरून हात फिरवला. "पहिल्यांदा तुमच्यापुढे आलो, तेव्हा ह्यात दोन हंगाम होते. आता एक असेल. बघू."

तो रागाने बोलला नाही, आणि तेच शिष्याला जास्त लागलं. त्या दिवसापासून कुठलंही प्रकरण समोर आलं, की खरं कोण आणि खोटं कोण हे विचारण्याआधी तो विचारी, "हे लांबलं, तर कुणाचं काय जाईल?"