फेकलेलं विकत घेणारा शेठ

चेक देशात ओताकार नावाचा एक अब्जाधीश होता, आणि त्याचा तोरा तर विचारूच नका. एकदा तो त्याच्याच काचेच्या कारखान्यातली भट्टी विझवायला आला. ती भट्टी एकदा गार झाली की तडकते आणि कायमची जाते. म्हणजे गावातल्या तीनशे जणांचं काम गेलंच. सगळ्यांची जाम टरकली होती.

त्यात शेठ सगळ्या कामगारांना जमवून भाषण ठोकायला लागला. "लोकांनी बंद खाण फेकली, मी घेतली. बुडालेली बीअर कंपनी फेकली, तीपण मी घेतली. दोन्हींतून पैसा काढला. फेकणारे सगळे गाढव! बरं, हा कारखाना आता भंगारात. कोणाला काही बोलायचंय?"

नळीने काच फुगवणारी लुडमिला आजी तेवढी पुढे आली.

"साहेब, एकच विचारते. आज फेकतंय कोण?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. शेठ लालबुंद झाला. आता कारखाना फेकला तर तीनशे जणांसमोर तोच गाढव!

"फेकतंय कोण म्हणजे? कोणीच नाही!" तो खेकसला. "बघत काय बसलात? गॅस वाढवा, भट्टी थंड पडतेय!"