तिसऱ्या वळणावरचे दगड

"मग नाव कुणाचं लिहू, आज्जा? तेवढं सांगा, मी निघतो."

रेवय्या आज्जा चुलीत फुंकर घालत होता.

कुरणीच्या घाटमाथ्यावर, राज्याच्या सीमेला पाठ लावून त्याची झोपडी. तीस वर्षं याच घाटात मैलकुली होता. खड्डे भर, गटार काढ, दरड उचल. नोकरी सुटली, घाट सुटला नाही. आता लोक त्याला साधू मानून पाया पडायला येतात. तो चहा पाजतो.

विचारणारे हिंदुराव मोरबाळे, निवृत्त इंजिनिअर. सीमाभागातल्या रस्त्यांचा इतिहास लिहिलाय त्यांनी. चारशे पानं. बूड टेकायच्या आत पिशवीतून बाहेर काढली.

"सोमवारी छापायला द्यायचंय. सगळं आहे यात. गुळाच्या गाड्या, कोकणातनं येणारं मीठ, साहेबाच्या काळातली खडी, पहिली एस्टी. एवढा हा घाटच अडलाय, रस्ता पहिल्यांदा कुणी काढला म्हणून. पलीकडच्या राज्यातले म्हणतात, त्यांच्या वतनदार नाडगौडांनी डोंगर फोडला. आमच्या घरात सांगतात, आमच्या आजोबांनी."

"आजोबांनी..."

"हो. वडील मरताना म्हणाले, त्यांचं नाव कुठंतरी राहू दे. जुने आता तुम्ही एकटेच. तुम्ही म्हणाल ते छापतो."

म्हणाल ते कसलं! आपल्याला पाहिजे तेच आज्जानं म्हणावं म्हणून आले होते.

आज्जानं चहा गाळला.

"वर येताना जीप बंद पडली काय तुमची? आवाज आला."

"पडली. तिसऱ्या वळणावर. झाली चालू लगेच."

"चाकामागं दगड लावलासा?"

"लावले की. दोन, चांगले मोठे बघून. नाहीतर दरीतच गेलो असतो."

"काढलासा?"

हिंदुरावांनी घाईनं कप तोंडाला लावला.

या घाटाची जुनी रीत आहे. चढाला बैल दम खातात, तेव्हा गाडीवान चाकामागं दगड लावतो. गाडी हलली की तो दगड त्यानंच कडेला टाकायचा. मागनं येणारा इकडचा असो नाहीतर तिकडचा. दगड तसाच टाकून आलेल्याला माथ्यावर कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. चारशे पानांत हे एका ओळीनं नव्हतं.

"जाताना काढतो, आज्जा. आधी नाव..."

आज्जा काठी घेऊन उठला. ऐंशीच्या पुढचा, कमरेत वाकलेला. उतरणीला लागलासुद्धा.

"अहो आज्जा! चहा!"

"पळून जातोय काय चहा?"

इंजिनिअर मागनं धावले.

वळणावर दोन्ही दगड रस्त्याच्या मधोमध बसलेले. आज्जानं एकाला हात घातला. हलेना.

"सोडा, सोडा. मी करतो."

हिंदुरावांनी पहिला ढकलत नेला. दुसरा छातीशी धरून उचलला. पांढरा शर्ट मातीनं माखला. गटारात टाकायला गेले, तसा आज्जा ओरडला,

"गटारात नव्हे! पावसाचं पाणी कुठनं जाईल, तुझ्या डोक्यावरनं? इंजिनिअर म्हणं!"

"चुकलं, चुकलं!"

आणि हिंदुराव हसायलाच लागले. दगड डोंगराच्या अंगाला नीट लावून ठेवला. मग दोघं कठड्यावर बसले, धापा टाकत. वारा गार होता. खाली दोन्ही राज्यांची शेतं, कुठली कुणाची काही कळत नव्हतं.

"आता तरी सांगा, आज्जा. हा रस्ता केला कुणी?"

"थांब. कोणतरी यायलंय."

खालनं मोटारसायकल आली. पुढं नवरा, मागं बायको, तिच्या कडेवर बाळ. काहीतरी भांडण चाललेलं, लाडाचं. वळण घेऊन गाडी भुर्रकन वर गेली. एकानंही मान वळवली नाही.

हिंदुरावांनी मातीचे हात पुढं धरले.

"बघा! इथं आमचा जीव गेला, आणि यांना पत्ताच नाही वाटेत काय होतं ते."

आज्जा बोळकं भरून हसला.

"मग झाला की रस्ता."