विचाराचा तास

शपथेवर सांगतो, ही गोष्ट खरी आहे; शपथा मी उठसूट घेतो, ते सोडा. विद्यापीठात इंग्रजीच्या मुलांना मी विचार करण्यावरचा एक निबंध शिकवत होतो. नोट्स उतरवून देत नाही म्हणून मुलं खासगी क्लासला पळाली. उरला एकटा रेवण.

विभागप्रमुख शेळगावकर दारात आले. "दोघं गप्प काय बसलाय?"

"रेवण विचार करतोय, सर."

"विचार घरी बसूनही करता येतो. उद्यापासून हा तास बंद."

रेवण नम्रपणे उठला. "मग तास बंद करायचा विचारही घरीच करा ना, सर. इथं आमचा चाललाय."

सर आल्या पावली परतले आणि तास वाचला.

आता खोटं काय ते सांगतो. रेवण मी रचला. बाकांवर कुणीच नव्हतं, आणि हे उत्तर मला सुचलं तेव्हा सर कधीच निघून गेले होते.