हिंदुरावांची धाव

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाचे कप्तान हिंदुराव बेचाळीस वर्षांचे झाले, तसे अध्यक्षांना त्यांच्या जागी आपला भाचा घुसवायचे वेध लागले.

“हिंदूतात्या, तुम्हाला आता पळणं होत नाही,” अध्यक्ष भर मैदानात गरजले. “मधल्या रेषेवरून जो आधी गोल करील, तोच कप्तान!”

दोघांपुढं एकेक चेंडू ठेवला. शिट्टी वाजताच भाचा चेंडू घेऊन सुसाट सुटला. हिंदुरावांनी हातातली चहाची बशी हिंदकळू न देता जागेवरूनच लाथ घातली. चेंडू थेट जाळ्यात!

“अहो, पण तुम्ही पळलाच नाही!” अध्यक्ष ओरडले.

हिंदुरावांनी चहा भुरकला. “साहेब, चोवीस वर्षं खेळतोय. चेंडू आत गेला की गोल देतात. मी पळत आत गेलो म्हणून कुणी दिला नाही. तेवढं भाच्याला सांगा, अजून पळतोय तो.”