नदी आहे म्हणणारी सभा

एका राज्यात नदी नव्हती, आणि ती आहे असे सगळे म्हणत.

पूर्वी होती. दोन्ही थड्या भरून वाहायची. मग करालक नावाच्या मांत्रिकाने ती तांब्याच्या घागरीत भरली, घागर उशाशी घेतली आणि सभेत सांगितले, "नदी जागच्या जागी आहे. जो नाही म्हणेल, त्याची वाळू होईल." झाले. दुसऱ्या दिवसापासून प्रधानजी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून कोरडे पात्र ओलांडू लागले. धाकोजी नावाडी वाळूत नाव ठेवून वल्ही मारी, आणि नावेत बसलेले पंडित म्हणत, "आज ओढ फार आहे." पिण्याचे पाणी शेजारच्या राज्यातून बैलांवर येई, त्यालाही नदीचेच पाणी म्हणत. शहाणी माणसे सगळी.

राजाची आत्या कनकावती. वयाने सभेत सगळ्यांत मोठी, जीभ त्याहून मोठी. पण तीही इतके दिवस निऱ्या उचलूनच पलीकडे जात होती, खोटे कशाला बोला. मग राजाला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी दायांनी बाळाला नदीवर नेले आणि वाळूने न्हाऊ घातले. बाळाची पाठ सोलून निघाली. ते किंचाळले, तशी राणी खाली मान घालून म्हणाली, "पाणी जरा गार आहे."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाळाच्या अंगावरची वाळू पदराने झटकून तिने ते राणीच्या हातात दिले आणि तरातरा पात्राच्या मध्यावर जाऊन बसली. तिथे एक टिटवी अंडी उबवत होती.

"भर पुरात अंडी घातलीस होय गं?" आत्या म्हणाली.

"मी पाखरू आहे, बाई," टिटवी म्हणाली. "मला सभेत जावे लागत नाही."

मग तिने गुपित सांगितले. करालकाच्या मंत्राला दर पौर्णिमेला सभेचा होकार लागतो. होकार देणारे निम्म्याहून कमी झाले की घागर फुटते. पण तोवर नाही म्हणणाऱ्याची वाळू होते, हेही खरे. पहिल्या नकाराला गुडघ्यापर्यंत, दुसऱ्याला कमरेपर्यंत, तिसऱ्याला सगळीच.

"मग करावे काय?"

"एकच गोष्ट म्हणत राहा. तिच्यात वाढवू नकोस, घटवू नकोस."

पौर्णिमा आली. करालकाने विचारले, "सभाजनहो, नदी आहे?"

"आहे," सभा म्हणाली.

"नदी कोरडी आहे," आत्या म्हणाली.

सभा पोट धरून हसली. सेनापती म्हणाले, "आत्याबाईंना मोतीबिंदू झाला." आत्याचे पाय गुडघ्यापर्यंत वाळूचे झाले, आणि दासींनी तिला पाटावर बसवून घरी नेले. पण दुसऱ्या दिवशी पात्र ओलांडताना प्रधानजींनी मागेपुढे पाहिले, कोणी नव्हते, आणि त्यांनी धोतर खोचले नाही.

दुसऱ्या पौर्णिमेला आत्याच्या शेजारी चक्क राजवैद्य उभे राहिले. "कोरडी आहे," ते म्हणाले. सभेत चुळबुळ झाली. करालकाने वैद्यांकडे नुसते पाहिले. "म्हणजे," वैद्य म्हणाले, "सकाळी कोरडी. दुपारी ओलसर. पथ्य पाळले तर वाहतेही."

हशा पिकला, आणि चुळबुळणारे पुन्हा बैठकीला टेकले. आत्या कमरेपर्यंत वाळूची झाली. वैद्यांची फक्त करंगळी. नकारच तेवढा होता.

"वैद्यबुवा," आत्या म्हणाली, "माझ्या विरुद्ध बोलला असतात तर उपकार झाले असते."

मग करालक तिच्या घरी आला. "अर्धी कोरडी म्हणा. पाय परत देतो."

"तुझी टोपी सुरेख आहे, हे म्हणते. तुझा मंत्र जबर आहे, तेही म्हणते. पण नदी कोरडी आहे."

तो गेला आणि सेनापती आले. दार लावून घेतले. "आत्याबाई, आहे खरी कोरडी. पण सभेत म्हणवत नाही. सगळे आहे म्हणतात ना."

"सगळे म्हणजे कोण रे?"

"सगळेच."

"मेल्यांनो," आत्या कडाडली, "काल पंडित आले, परवा प्रधान आला, त्याआधी खजिनदार. दार लावून सगळे हेच म्हणाले. तुमची आख्खी सभा माझ्या ओसरीवर भरते, आणि एकेकट्याने भरते."

सेनापतींनी कडी काढली आणि मागच्या वाटेने घर गाठले.

तिसऱ्या पौर्णिमेला आत्याला उचलून आणले. "नदी आहे?" "आहे." पण या वेळचा होकार जरा पातळ निघाला.

"नदी कोरडी आहे."

वाळू छातीला आली. गळ्याला आली. आत्याने डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. ओसरीवरचे सगळे पाहुणे हजर होते आणि एकही जण तिच्याकडे पाहत नव्हता. तिला मरणाची भीती वाटली नाही, संताप आला. हनुवटीला वाळू लागली तशी ती पुन्हा म्हणाली, शब्द तेच, "नदी कोरडी आहे."

"कोरडी आहे," दाराशी धाकोजी नावाडी म्हणाला. "वल्ही कशात मारतो, ते माझ्या खांद्यांना विचारा." त्याचे पाय वाळूचे झाले. तो बसला नाही.

राणी बाळासकट उठली. "पाणी गार नव्हते. पाणीच नव्हते." सेनापतींनी पंडितांकडे पाहिले, पंडितांनी सेनापतींकडे, आणि दोघे एकदमच म्हणाले, "कोरडी." मग कोण कोणाआधी बोलले ते कळेना. प्रधान, खजिनदार, शेवटी महाराज.

घागर फुटली. नदी करालकाच्या महालातून निघाली, सभेत आली, त्याला टोपीसकट उचलून समुद्राकडे घेऊन गेली आणि आपल्या पात्रात जाऊन पडली. माणसांची वाळू गळाली, पाय पाय झाले, आत्या आत्या झाली.

पुढच्या सभेत राजाने ठराव मांडला. "ही सभा पहिल्यापासून सत्यच बोलत आली."

"मी तर नावेतच सुचवले होते," पंडित म्हणाले.

"सकाळी कोरडी, हे प्रथम मीच," वैद्य म्हणाले.

राजा प्रेमाने वळला. "आत्या, तुम्ही तेव्हा आजारी होतात ना?"

आत्याचे डोळे लाल झाले. तिने उठायला हात टेकला.

"तर मग एकमत," राजा म्हणाला.

"नाही, महाराज." प्रधानजी उभे होते. "मी आहे म्हणत होतो. मोठ्याने म्हणत होतो."

कोणी हसले नाही. राजाने ठराव खाली ठेवला. आत्याने टेकलेला हात उचलला, पानाला चुना लावला, आणि त्या राज्यात पहिल्यांदाच दुसऱ्याचे बोलणे पुरे होईपर्यंत ती गप्प बसली.