ताकाचा ग्रंथ

फार फार वर्षांपूर्वी, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, एक राज्य होतं. तिथं कागद नव्हता, शाई नव्हती, पण ग्रंथ मात्र उदंड होते. कारण तिथले ग्रंथकार आपला ग्रंथ पोपटाला शिकवायचे.

ग्रंथकाराने रोज पिंजऱ्यासमोर बसून बोलायचं आणि पोपटाने ते पाठ करायचं. ग्रंथ पुरा झाला की पिंजऱ्याचं दार उघडायचं. मग पोपट गावोगाव जायचा, तिथल्या पोपटांना तो ग्रंथ शिकवायचा आणि झाडाझाडांवरून लोक तो ऐकायचे. एकदा उडालेला पोपट पिंजऱ्यात परत येत नसे, म्हणून एक रीत होती. दार उघडण्याआधी घरातल्या सर्वांत खाष्ट माणसाला ग्रंथ ऐकवायचा. ते माणूस जिथं जांभई देईल किंवा नाक मुरडेल, तिथं पोपटाला एक हिरवी मिरची द्यायची. मिरची खाल्ली की पोपट तेवढा भाग विसरायचा आणि ग्रंथकार तो नव्याने शिकवायचा.

या राज्यात एक ग्रंथकार राहत होता. माणूस हुशार, पण स्वतःच्या आवाजावर भारी खूश. राजाने दवंडी पिटली की वसंताच्या जत्रेत ज्याचा ग्रंथ सर्वांत सरस ठरेल, त्याला पालखीतून मिरवू आणि राजग्रंथकार करू. ग्रंथकाराने राजाच्या आजोबांच्या पराक्रमाची गाथा रचायला घेतली. पालखीत आपण कसे बसू, शालीचा पदर कुठल्या खांद्यावर घेऊ, हेही त्याने ठरवून टाकलं. पालखीतूनच घरी येईन, असं त्याने बायकोलाही कबूल केलं होतं.

गाथा पुरी झाली तोवर जत्रा अगदी तोंडावर आली होती. लेकीकडे राहायला आलेल्या सासूबाई मिरच्यांची टोपली मांडीवर घेऊन पिंजऱ्यासमोर बसल्या. त्यांच्याइतकं खाष्ट माणूस त्या आळीत दुसरं नव्हतं.

"ऐकवा, जावईबापू," त्या म्हणाल्या.

ग्रंथकाराने मनात हिशेब केला. सासूबाई ऐकत बसल्या की जत्रा हातची जाणार, आणि त्या नाक मुरडतील ते वेगळंच. "सासूबाई, माझ्या ग्रंथाला मिरचीची गरज नाही," असं म्हणून त्याने पिंजऱ्याचं दार उघडलं. पोपट भुर्रकन जत्रेच्या दिशेने उडून गेला. सासूबाईंनी टोपली शांतपणे कोपऱ्यात ठेवली आणि त्या जपाला बसल्या.

जत्रेच्या दिवशी राजा सिंहासनावर बसला. प्रजा दाटीवाटीने जमली. ग्रंथकार नवी शाल पांघरून पुढच्या रांगेत बसला होता. त्याचा पोपट मंडपाच्या खांबावर उतरला आणि त्याने गणेशवंदन म्हटलं. काय ती भाषा, काय तो डौल! राजाने मान डोलावली. ग्रंथकाराने हळूच पालखीकडे पाहून घेतलं.

मग लढाई सुरू झाली. पोपट गरजला, "महाराजांनी तलवार उपसली आणि, अगं, ताक कुठे ठेवलंस, शत्रूवर झेप घेतली!"

लोक हसू लागले. रचताना आपण मधेमधे काय काय बोललो होतो, ते आता ग्रंथकाराला एकेक आठवू लागलं. पोपट मात्र रंगात आला होता. एका ठिकाणी ग्रंथकाराला डुलकी लागली होती, तिथं पोपटानेही मान टाकली आणि मनसोक्त घोरला. जागा झाल्यावर म्हणाला, "आजोबा तर खरे पळाले होते. पण पळाले म्हटलं तर पालखी मिळायची नाही. चढाई केली म्हणू."

राजाचा चेहरा लालबुंद झाला. ग्रंथकाराने शाल डोक्यावरून ओढून घेतली. आता आपलं मुंडकं राहत नाही, असं त्याला वाटलं आणि तो पुरता घाबरला.

"आजोबा पळाले हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे," राजा म्हणाला. "पण दार उघडण्याआधी हे कुणी ऐकलं नाही?"

"ऐकवा म्हटलं होतं," मागून सासूबाई म्हणाल्या.

पालखी दुसऱ्याच कुणाला मिळाली. ग्रंथकाराला राजाने हुकूम केला की मिरच्यांची टोपली घेऊन गावोगाव फिर आणि ज्या ज्या पोपटाने ही गाथा उचलली असेल, त्याला ती विसरायला लाव. बिचारा निघाला. पण पोपटांनी लढाई केव्हाच टाकून दिली होती आणि ताक तेवढं ठेवलं होतं. शिवाय, ताक कुठे ठेवलंस असं विचारलं की हा माणूस मिरची देतो, हे त्यांना लगेच कळलं. मग ते मिरची खायचे, विसरायचे, शेजारच्या पोपटाकडून तेच पुन्हा शिकायचे आणि आणखी मोठ्याने विचारायचे.

पायाचे तुकडे पडल्यावर तो घरी आला. त्याने नवा पोपट आणला, नवी गोष्ट रचली आणि ती पुरी होताच टोपली स्वतःच्या हाताने सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि टोपली जवळजवळ रिकामी केली. ग्रंथकार हिरमुसला, पण पोपटापुढे पुन्हा बोलायला बसला. ती गोष्ट पुढे खूप गावांत गेली. लोक मात्र ती ऐकून झाल्यावर अजूनही विचारतात, की ते ताकाचं काय झालं.

तात्पर्य : ग्रंथ जगापुढे सोडण्याआधी एका खाष्ट माणसाला ऐकवावा, घरातली मिरची झोंबते, पण जत्रेतलं हसू जन्मभर पाठ सोडत नाही.