नेचा मूठ उघडेना!

एक होती लाल मुंगी. तिचं नाव तिखी. मुंगीला नाक ते केवढं? पण राग मात्र सदा नाकावर!

तिखीला सापडली राजगिऱ्याची लाही. डोक्यावर घेऊन निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत होता नेचा. नेच्याची पानं झालरीसारखी. पण कोवळं पान मुठीसारखं गुंडाळलेलं. तिखी त्यावर चढली. पाय घसरला, लाही निसटली आणि मुठीत गडप!

"नेच्या, नेच्या, मूठ उघड. माझी लाही दे!"

नेचा म्हणाला, "मी सुकलोय. आधी मातीनं ओल धरावी, मग बघू."

"मग बघू? लाही माझी, आणि मग बघू?"

तुरुतुरु, तुरुतुरु. तिखी गेली मातीकडे.

"माती, माती, ओल धर.
नेचा मूठ उघडेना,
माझी लाही मिळेना!"

माती म्हणाली, "ऊन सगळी ओल पिऊन टाकतं. आधी फांदीनं सावली द्यावी, मग बघू."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिखी गेली फणसाच्या फांदीकडे.

"फांदी, फांदी, सावली दे.
माती ओल धरेना,
नेचा मूठ उघडेना,
माझी लाही मिळेना!"

फांदी म्हणाली, "मला दोरीनं वर बांधलंय. आधी खारीनं दोरी कुरतडावी, मग बघू."

तिखी होती लाल, झाली लालबुंद! तुरुतुरु, तुरुतुरु. गेली खारीकडे.

"खारूताई, दोरी कुरतड.
फांदी सावली देईना,
माती ओल धरेना,
नेचा मूठ उघडेना,
माझी लाही मिळेना!"

खार म्हणाली, "माझ्या पोटात कावळे ओरडतायत. आधी मावशीनं शेंग द्यावी, मग बघू."

अंगणात कुमुदमावशी शेंगा फोडत होती. कट्, कट्.

"मावशी, मावशी, शेंग दे.
खार दोरी कुरतडेना,
फांदी सावली देईना,
माती ओल धरेना,
नेचा मूठ उघडेना,
माझी लाही मिळेना!"

मावशी म्हणाली, "शेंग-बिंग काही नाही! फांदी वर बांधली, नेच्याला छान ऊन दिलं, तरी तो उमलत नाही. आधी नेच्यानं मूठ उघडावी, मग बघू."

"काय?" तिखी ओरडली. "उन्हात तूच ठेवलंस, आणि रुसलीस नेच्यावर? हा कुठला न्याय?"

मावशी ऐकेचना. कट्, कट्.

मग काय! तिखी चढली मावशीच्या अंगठ्यावर. आणि चावली करकचून!

"आई गं!" मावशी उडाली. सूप उपडं! शेंगा खळाखळा सांडल्या.

खारीनं शेंग खाल्ली. कुटुम, कुटुम.
खारीनं दोरी कुरतडली. करकर, करकर.
फांदी खाली आली. सळसळ!
सावली पडली. गार, गार.
मातीनं ओल धरली.
नेच्यानं मूठ उघडली. हळू... हळू... हळू...
टप्! लाही पडली.

मावशी अंगठा चोळत आली. "अगं बाई! याला सावली हवी होती होय? चुकलं गं माझं."

"चुकलंच!" तिखी म्हणाली. लाही डोक्यावर घेतली आणि निघाली ताठ मानेनं. तुरुतुरु, तुरुतुरु.

लाही गेली पोटात, गोष्ट उरली ओठात!